दुसऱ्या यादीची वाट

ऑगस्ट अर्धा सरला की सुपरमार्केटच्या दारातल्या वर्तमानपत्रांच्या ढिगातला वरचा पेपर मी उलटा करून ठेवते. दरवर्षी तोच फोटो असतो. सोनेरी केसांच्या चार मुली, हातात कागद, पाय जमिनीपासून हातभर वर. ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल लागला की उडी मारायची, असा या देशात बहुधा कायदा असावा. ज्यांना उडी मारण्यासारखं काही मिळालेलं नसतं त्यांचा फोटो कुणी काढत नाही. ती पोरं त्या वेळी शाळेच्या मागच्या फाटकानं बाहेर पडत असतात. मला माहीत आहे, कारण आम्ही त्याच फाटकानं बाहेर पडलो होतो. या वर्षी पेपर उलटा करताना तिथल्या बाईंनी मला पाहिलं. "आर यू ऑल राइट, लव्ह?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. खरं म्हणजे मला राग आला होता. तो राग आता सहा वर्षांचा झालाय आणि खाऊनपिऊन चांगला धडधाकट आहे.

माझ्या नाकावर राग असतो हे माझ्या माहेरी, सासरी आणि ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. आमची ऋचा या बाबतीत माझ्यावर गेली होती. बेसिंगस्टोकच्या आमच्या छोट्याशा घरात आम्ही दोघी सकाळी उठल्यापासून भांडायचो. भाजीत हिंग का, शाळेत डब्यात पोळी का, मराठी मंडळाच्या गणपतीला सलवार-कमीज घालायलाच हवी का. ती अर्धं इंग्रजीत भांडायची, मी पूर्ण मराठीत, आणि तिचा बाप श्रीकांत मधे बसून टोस्टला लोणी लावायचा. शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज बाईंना सुरुवातीला वाटायचं की आमच्याकडे काहीतरी भयंकर घडतंय. मग त्यांनाही सवय झाली. भांडण संपलं की ऋचा माझ्याच हातचा चहा घेऊन माझ्याच शेजारी येऊन बसायची.

त्या वर्षी इथे कधी नव्हे तो उन्हाळा पडला होता. गवत पिवळं पडलं होतं, कचऱ्याच्या डब्यांवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या, आणि रेल्वेच्या पुलाकडे जाणाऱ्या पायवाटेवर काळ्या बेरी वेळेआधीच पिकून रस्त्यावर गळत होत्या. ऋचा त्या वाटेनं जायची ती बेरींसाठी नाही, पुलासाठी. तिला लहानपणापासून पुलांचं वेड. मोटरवेवरून जाताना वर पूल आला की मान वळवून मागे बघणार. एकदा सुट्टीत गावी गेलो असताना खाडीवरच्या पुलाच्या मधोमध थांबून तिनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं होतं, "बाबा, हा फट मुद्दाम ठेवला आहे?" उन्हात सिमेंट आणि लोखंड वाढतं म्हणून फट ठेवतात, असं श्रीकांतनं सांगितलं तेव्हा तिला झालेला आनंद मला अजून दिसतो. सिव्हिल इंजिनिअर व्हायचं हे तिचं तिनं ठरवलं होतं. श्रीकांतला ती कम्प्युटरकडे जावी असं वाटायचं. मला ती घराजवळ राहावी असं वाटायचं. आमचं दोघांचंही तिनं ऐकलं नाही, आणि त्याचा मला मनातून अभिमान होता.

हे एवढं सविस्तर सांगतेय, कारण निकालाच्या दिवशी आमचं ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

ऋचानं शाळेच्या हॉलमध्ये पाकीट फोडलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिलं. गणितात बी, भूगोलात बी आणि फिजिक्समध्ये सी. पहिल्या पसंतीचं विद्यापीठ गेलं, आणि हाताशी राखून ठेवलेलं दुसरं, तेही गेलं. आजूबाजूला उड्या चालू होत्या. तेवढ्यात शाळेच्या करिअर सल्लागार बाई आल्या. त्यांनी मान कलती करून ऋचाच्या दंडावर हात ठेवला, आणि बोलल्या मात्र माझ्याशी. "मे बी धिस इज अ चान्स," त्या हसून म्हणाल्या, "टु फाइंड आउट व्हॉट शी वॉन्ट्स." तिला काय हवंय ते शोधून काढायची संधी! म्हणजे आजवर तिला जे हवं होतं ते आम्ही तिच्या नरड्यात कोंबलेलं होतं, असं त्या बाईंनी धरूनच ठेवलं होतं. भारतीय आईबाप, सायन्स घेतलेली मुलगी, पडलेले मार्क. त्यांची गोष्ट आधीच लिहून तयार होती, आम्ही फक्त त्यात जाऊन उभं राहायचं होतं. ऋचा म्हणाली, "आय वॉन्ट सिव्हिल." बाई आणखी गोड हसल्या आणि म्हणाल्या, "समथिंग विथ पीपल, परहॅप्स?" पूल काय कुत्र्यामांजरांसाठी बांधतात? मी काहीतरी बोलणार होते, पण ऋचानं माझं मनगट धरलं आणि आम्ही मागच्या फाटकानं बाहेर पडलो.

गाडीत ती रडली. मी गाडी चालवत होते, त्यामुळे मला रडता येईना. आजही त्या शाळेसमोरून जाताना माझा पाय ॲक्सिलरेटरवर जरा जास्तच पडतो.

ज्यांचे मार्क कमी पडतात ती मुलं आणि ज्यांच्या जागा उरतात ती विद्यापीठं फोनवर एकमेकांना शोधतात, त्याला इथे क्लिअरिंग म्हणतात. मला त्या नावाचीच चीड येते. दुकानात मोसम संपल्यावर उरलेले कपडे काढायला ठेवतात तसं. पेपरात बारीक अक्षरात जागांची पानंच्या पानं येतात, आणि मग फोन लावायचा. एंगेज्ड. पुन्हा लावायचा. लागला तर तेच ते पियानोचं संगीत, आणि मधे मधे एक बाई सांगणार की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ऋचा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून फोन करत होती. मी ऑफिसात आजारी असल्याचं कळवून घरी बसले होते. ते काही फारसं खोटं नव्हतं.

दुपारी उत्तरेकडच्या एका विद्यापीठात फोन लागला. तिथल्या माणसानं तिच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. पुलांबद्दल काहीतरी विचारलं असावं, कारण तिचा आवाज हळूहळू मोठा व्हायला लागला, हात हलायला लागले. फोनच्या तोंडावर हात ठेवून ती ओरडली, "बाबा! आई! दे हॅव गॉट अ प्लेस. सिव्हिलचा! संध्याकाळपर्यंत हो सांगायचं. मी येस म्हणू?"

मी म्हटलं, "म्हण! विचारतेस काय?"

श्रीकांत म्हणाला, "थांब."

आता श्रीकांतबद्दल सांगायला हवं. माणूस अतिशय चांगला आहे, सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण त्याच्या आयुष्यात एकच पराक्रम आहे. बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या पहिल्या यादीत त्याला कुठेतरी लांबच्या कॉलेजात जागा लागली होती. सगळे म्हणाले, घेऊन टाक. त्यानं घेतली नाही. दुसऱ्या यादीतही थांबला. तिसऱ्या यादीत त्याला पुण्यात जागा मिळाली. ही गोष्ट आमच्या लग्नात माझ्या वडिलांना सांगितली गेली होती. मंडळाच्या कोजागरीला ती मी किमान तीन वेळा ऐकली आहे. तेव्हापासून धीर धरणं हा त्याचा धर्म झाला. आमचं गाव राउंडअबाउटांचं, म्हणजे गोल वळसा घालायच्या चौकांचं. श्रीकांत प्रत्येक राउंडअबाउटवर आणखी मोठी जागा मोकळी होईल म्हणून थांबतो, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात.

"पहिल्या दिवशी कधी घ्यायचं नसतं," तो म्हणाला. "लोक आता घाबरून काहीही घेतायत. उद्या चांगल्या ठिकाणच्या जागा सुटतील. दुसरी यादी लागू दे."

"बाबा, इथे यादी नसते!"

"अगं, नाव वेगळं असेल. पद्धत सगळीकडे तीच."

"आणि ते म्हणाले संध्याकाळपर्यंत ठेवणार!"

"फोनवर कुणी म्हणालं म्हणून जागा होत नाही, ऋचा. कुठे यादी लागली? कुठे छापून आलंय? आणि रीचेकिंगला टाकायचंय की फिजिक्स. मार्क वाढले तर?"

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिघंही एकदम ओरडत होतो, आणि फोनच्या त्या टोकाला तो भला माणूस वाट बघत होता. शेवटी ऋचानं त्याला सांगितलं की मी परत फोन करते. तो म्हणाला, "ऑफ कोर्स." संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं. श्रीकांत तोवर पेपरातल्या पानांवर पेन्सिलीनं खुणा करत बसला होता. "उद्या सकाळपर्यंत," तो म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला की त्याच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी तरीही आपटलं.

सकाळी जागा गेलेली होती. दुसऱ्याच कुणीतरी बाई फोनवर होत्या. त्यांनी सॉरी म्हटलं आणि विचारलं की टुरिझम मॅनेजमेंट चालेल का.

मला त्या सकाळचा वास आठवतो. पोहे करपले होते. मी ते तसेच कढईसकट बागेत नेऊन ओतले, आणि पिवळ्या गवतावर त्या पोह्यांचा पिवळा डाग कितीतरी दिवस राहिला. श्रीकांत खुर्चीत बसून होता. "असं कसं करतात?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "असं कसं करू शकतात?" जणू त्या विद्यापीठानं त्याला शब्द देऊन मोडला होता. त्यांनी शब्द पाळला होता, संध्याकाळपर्यंत म्हणजे संध्याकाळपर्यंत. मला त्याची दयाही येत होती आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मी हलवलं नाही. मी फक्त घरातली सगळी दारं एकेक करून आपटली. माझं आजही ठाम मत आहे की त्या दिवशी ती आपटायलाच हवी होती.

त्यातच मंडळातले फोन. मंजिरीताईंना निकालाच्या दिवशी दुसऱ्यांच्या मुलांची आठवण फार येते. "अगं, ऋचाचं काय झालं? आमच्या ईशानचं झालं बाई मनासारखं. म्हटलं विचारावं." नाही विचारलं तर काय सूर्य उगवणार नव्हता? मी सांगितलं की आमचं अजून चाललंय. "हो का? अगं मग ऑप्टोमेट्री का नाही करत? फार मागणी आहे." जणू मंडईत भेंडी नसेल तर गवार घ्या. त्या फोनवर बोलत असताना माझी नजर जिन्याकडे होती. ऋचा तिसऱ्या पायरीवर बसून पुन्हा नंबर फिरवत होती, एंगेज्ड ऐकून ठेवत होती, पुन्हा फिरवत होती.

गंमत म्हणजे आता दर ऑगस्टला मंडळातलं कुणी ना कुणी मला फोन करतं. आवाज खाली करून बोलतात, घरात कुणाला तरी न सांगण्यासारखं दुखणं झाल्यासारखं. "तुमची ऋचा... त्या मार्गानं गेली होती ना? काही सांगू शकाल का?" मी सगळं नीट सांगते. फोन मुलानं करायचा, आईबापांनी नाही. जागा आवडली तर लगेच हो म्हणायचं. मी हे सांगत असताना श्रीकांत उठून बागेत जातो. त्या लोकांवर मी चिडत नाही, बिचारे घाबरलेले असतात. पण फोन ठेवला की मी काहीतरी घासत बसते.

तर शनिवारी श्रीकांतनं फाइल काढली. ही फाइल प्रत्येक मराठी घरात असते. प्लास्टिकच्या कप्प्यांत जन्मदाखल्यापासून पोहण्याच्या सर्टिफिकेटापर्यंत सगळं, मूळ प्रती वेगळ्या, झेरॉक्स वेगळ्या. "आपण त्या विद्यापीठात प्रत्यक्ष जाऊ," तो म्हणाला. "समोर माणूस दिसला की नाही म्हणणं अवघड जातं. डिपार्टमेंटच्या हेडला भेटू." ऋचा गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसली. मी म्हटलं की हा निव्वळ वेडेपणा आहे, आणि मीही जाऊन बसले. एकट्या त्याच्या भरवशावर आता मी काही सोडणार नव्हते.

मोटरवेवर एकामागून एक पूल डोक्यावरून गेले. ऋचानं एकदाही मान वळवली नाही.

विद्यापीठाची इमारत लाल विटांची होती. तळमजल्यावर काचेची भिंत असलेला मोठा हॉल, आत टेबलांच्या रांगा, आणि प्रत्येक टेबलावर डोक्याला हेडफोन लावलेलं कुणीतरी. आतले फोन बाहेर ऐकू येत होते. श्रीकांतनं शर्ट नीट खोचला, फाइल पोटाशी धरली आणि रिसेप्शनवर जाऊन आम्ही बेसिंगस्टोकहून आल्याचं सांगितलं, जणू त्यानंच काम होणार होतं. तिथल्या मुलीनं त्याला क्लिअरिंगचा तोच फोन नंबर लिहिलेला कागद दिला.

"यू नीड टु रिंग," ती म्हणाली.

"बट वी आर हिअर," श्रीकांत म्हणाला.

"आय नो. बट यू स्टिल नीड टु रिंग." आणि मग, जरा थांबून, "द स्टुडंट डझ."

समोर काच. काचेपलीकडे दहा पावलांवर माणसं. आणि इकडे तीनेक तास गाडी हाकून आलेले आम्ही, हातात फोनचा नंबर घेऊन. मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. मला ती काच फोडावीशी वाटली. त्या हॉलची, त्या हेडफोनांची, त्यांच्या त्या निर्मळ, न्याय्य, सगळ्यांना सारख्या असलेल्या पद्धतीची मला मनापासून चीड आली. आणि त्याहून जास्त चीड आली ती फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याची.

ऋचानं नंबर फिरवायला सुरुवात केली. काचेला टेकून उभी राहिली, एंगेज्ड, पुन्हा, एंगेज्ड, पुन्हा. आम्ही तिच्या दोन बाजूंना उभे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिनं एकदम पाठ सरळ केली. फोन लागला होता, आणि आत, दुसऱ्या रांगेत, हिरव्या कार्डिगनमधल्या एका बाईंचे ओठ तिच्या फोनमधल्या आवाजाबरोबर हलत होते. मी माझा कान ऋचाच्या कानाजवळ नेला.

सिव्हिल भरलं आहे, त्या म्हणाल्या. ऋचा म्हणाली की गुरुवारी तिला इथेच जागा देऊ केली होती, आणि ती तिनं वेळेत घेतली नाही. का नाही घेतली, असं त्यांनी विचारलं. श्रीकांतनं मान खाली घातली. "आय वेटेड," ऋचा म्हणाली. "आय शुड नॉट हॅव." एवढंच. बापाचं नाव नाही, माझं नाही. आतल्या बाई उठल्या, एका माणसाशी बोलल्या, कुठलेसे कागद बघितले, परत येऊन बसल्या. दोन मुलांनी जागा सोडल्या होत्या, त्यातली एक त्या देऊ शकत होत्या. पण आधीचं एक वर्ष पायाभूत अभ्यासाचं करावं लागेल. म्हणजे तीनऐवजी चार वर्षं.

श्रीकांतनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मिटलं.

मग त्या बाईंनी विचारलं, आणि आवाजात काही वाईट नव्हतं, उलट मायाच होती, "आर युअर पेरेन्ट्स विथ यू? डू यू वॉन्ट टु टॉक टु देम फर्स्ट?"

ऋचानं श्रीकांतकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझा कान अजून तिच्या कानाशीच होता.

"नो," ती म्हणाली. "इट्स जस्ट मी. येस. येस, आय'ल टेक इट."

काचेपलीकडे बाई हसल्या आणि काहीतरी लिहायला लागल्या. इकडे ऋचानं फोन खिशात टाकला.

"अगं, आम्हाला विचारायचंस तरी," श्रीकांत म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "चार वर्षं म्हणजे—"

"विचारलं असतं ना, बाबा," ती म्हणाली, "तर प्लेस परत गेला असता."

ती हे चिडून म्हणाली असती तर मी तिची बाजू घेतली असती. तोंडात वाक्यं तयार होती माझ्या, गेले दोन दिवस मी तीच घासून ठेवत होते. पण ती चिडली नव्हती. एखाद्या अनोळखी माणसाला रस्ता सांगावा तसं तिनं सांगितलं, आणि मग म्हणाली, "चला, भूक लागली असेल तुम्हाला." आणि आमच्या पुढे चालायला लागली.

ती आता इंजिनिअर आहे. उत्तरेतच असते. दर रविवारी फोन करते, चुकत नाही. सगळं सांगते, पण झाल्यावर सांगते. नोकरी घेतल्यावर नोकरीचं, घर बदलल्यावर घराचं, आणि दोन वर्षं बरोबर असलेल्या मुलाशी पटेनासं झालं, तो निघूनही गेला, त्यानंतर त्याचं नाव. मी तिच्यावर ओरडते. आम्ही कोण तुझे, आधी सांगता येत नाही, असलं सगळं मी बोलते, आणि ती शेवटपर्यंत ऐकून घेते. "हो आई," म्हणते. "बरोबर आहे तुझं."

मला ते नको असतं. तिनं उलट बोलावं, फोन आपटावा, हिंगावरून का होईना पण भांडावं म्हणून मी मुद्दाम काहीबाही काढते. सहा वर्षं झाली. ती माझ्याशी एकदाही भांडलेली नाही.